यंत्राने वाकावे की लिपीने?

तंत्रज्ञान आपल्या गतीने पुढे जाते आणि समाजाने त्याच्या मागून धावत राहायचे असते, असे एक गृहीत आपल्या वैचारिक लेखनात खोलवर रुजलेले आहे. छापखाना आला आणि प्रबोधन झाले, आगगाडी आली आणि जातीची बंधने सैल झाली, संगणक आला आणि भाषा बदलली, अशी वाक्ये पाठ्यपुस्तकांपासून संशोधनप्रबंधांपर्यंत सर्वत्र आढळतात. व्याकरणाच्या अंगाने पाहिले, तर या वाक्यांत कर्ता नेहमी यंत्र असते. समाजाच्या वाट्याला येते ते केवळ परिणामाचे स्थान. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीवरील आपल्या पुस्तकात या विचारपद्धतीवर मूलगामी आक्षेप घेतला होता. तंत्र समाजाच्या बाहेर कुठेतरी आपोआप जन्मते आणि मग समाजावर येऊन आदळते, हे त्यांना मान्य नव्हते. तंत्राच्या घडणीत माणसांचे हेतू, गरजा आणि सत्तासंबंध पहिल्यापासूनच सामील असतात, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी आपल्याला लांब जाण्याची गरज नाही. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून रोज जाणारी एक गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे, ती म्हणजे छापलेले देवनागरी अक्षर. या अक्षराचा आणि यंत्राचा संबंध चारशे वर्षांचा आहे. या चारशे वर्षांत एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा उभा राहिला : यंत्रासाठी लिपीने वाकावे, की लिपीसाठी यंत्राने? या प्रश्नाला कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने उत्तर दिले, हे पाहिले म्हणजे समाज तंत्राला वळण देऊ शकतो का, आणि देऊ शकत असेल तर कसे, याचा काहीसा उलगडा होतो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रयत्न करणार आहोत.

सहाशे साच्यांची अडचण

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. तो मिशनऱ्यांचा होता आणि त्याची अक्षरे रोमन होती. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. मराठी ओवीची लय ज्या कवीने इतकी आत्मसात केली होती, त्याचे काव्य छापले गेले मात्र रोमन लिपीत. स्टीफन्स यांना याची खंत होती. १६०८ साली आपल्या धर्मसंघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात, या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली फार दिवसांची इच्छा असल्याचे त्यांनी कळवले होते. अडचण काय, तर युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील.

वरवर पाहता ही अडचण निव्वळ तांत्रिक वाटते. पण याच काळात, त्याच मिशनऱ्यांनी, १५७८ साली केरळच्या किनाऱ्यावर तमिळ अक्षरांत पुस्तक छापले होते. तमिळमध्ये जोडाक्षरे कमी, म्हणून ते काम सोपे होते हे खरे. तरीही सहाशे साचे ही अशक्य गोष्ट नव्हती. ती खर्चाची आणि इच्छाशक्तीची गोष्ट होती. गोव्यातील छापखान्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांना स्थानिक लिपीची निकड वाटत नव्हती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. ज्या समाजाची लिपी होती, त्याच्या हाती छापखाना नव्हता आणि ज्यांच्या हाती छापखाना होता, त्यांचा समाज निराळा होता. तंत्रावर समाजाचे नियंत्रण असावे असे आपण म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणत्या समाजाचे?’ हाच असतो, हे गोव्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

१८०५ : दोन वाटा

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट राहत होता. छपाईची कल्पना नाना फडणवीसांपर्यंत पोचली ती याच वर्तुळातून. नानांनी एका तांबटाकडून भगवद्गीतेचे पत्रे कोरवून घेण्याचे काम सुरू केले. १८०० साली नाना वारले, काम थांबले आणि तो कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. तेथे १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ सालच्या ग्रंथात ही हकीकत मांडली आहे.

योगायोग असा, की त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरी मजकूर सुट्या खिळ्यांनी जुळवलेला होता. एकाच वर्षातील ही दोन पुस्तके म्हणजे दोन निरनिराळ्या वाटा आहेत. मिरजेच्या गीतेत हस्तलिखिताचे सर्व वळण कायम राहिले. कोरणाऱ्याला जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असले तरी फरक पडत नव्हता. पण तो पत्रा गीतेखेरीज दुसऱ्या कशासाठीही उपयोगी नव्हता. श्रीरामपूरचे खिळे मात्र सोडून पुन्हा जुळवता येत होते. आज व्याकरण, उद्या बायबल, परवा कोश. पहिल्या वाटेत यंत्र लिपीसमोर नमते आणि लहान राहते. दुसऱ्या वाटेत यंत्र मोठे होते, पण त्याबरोबर लिपीचे तुकडे पाडणे भाग पडते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. कॅरीने १८१० साली मराठीचा कोश छापला, त्यातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. म्हणजे मोडीचे खिळे पाडणे शक्य होते आणि ते पाडलेही गेले होते. असे असूनही पुढील शतकात छपाईची लिपी म्हणून बाळबोधच स्थिर झाली आणि मोडी केवळ हस्तलेखनापुरती उरली. मोडीचा निर्णय ‘यंत्राने’ केला असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः तो शिक्षणखात्याने, मिशनांनी, छापखानेवाल्यांनी आणि वाचकांनी मिळून, फारशी चर्चा न करता केलेला निर्णय होता.

तुपाची शाई

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे खिळे कोरले. याच छापखान्यात काम करता करता गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील गृहस्थाने मुद्रणकला आत्मसात केली आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरी अक्षराने पुढे अनेक पिढ्यांच्या डोळ्यांना वळण लावले.

या काळात समाजाने छपाईच्या तंत्राला कसे वळण दिले, याच्या खुणा फार बोलक्या आहेत. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, की आरंभी पुष्कळ ब्राह्मण छापील कागदाला हात लावायला धजत नसत. शाईत चरबी असते ही शंका त्यामागे होती. मुद्रकांनी या शंकेला शास्त्रार्थाने उत्तर दिले नाही. त्यांनी धार्मिक ग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घातलेली शाई वापरली. पोथ्या छापताना सुटी, आडवी पाने तशीच ठेवली. पारायणाला बसणाऱ्याच्या हातात पडणारी वस्तू पोथीच राहावी, अशी ही तजवीज होती. शिळाछापही याच कारणाने आपल्याकडे दीर्घकाळ टिकला. हस्ताक्षराचे वळण त्यात जसेच्या तसे उतरत होते. बाळशास्त्री जांभेकरांनी संपादित केलेली ज्ञानेश्वरी १८४५ साली शिळाछापावरच निघाली.

समाज तंत्राला वळण देतो, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. शाईचा घटक बदलला, कागदाचा आकार बदलला. पण या वळणाचे कौतुक करताना त्यातील ताण विसरून चालणार नाही. शाईची शुद्धता ज्यांना हवी होती, त्यांच्या आग्रहामागे स्पर्शास्पर्शाची कल्पना होती. तंत्राचे सामाजिक नियंत्रण म्हणजे आपोआप चांगली गोष्ट, असे म्हणता येत नाही. समाजातील जो गट बलवान, त्याचीच रुची नियंत्रणाच्या नावाने चालते. त्याच वेळी त्याच यंत्राने उलट दिशेचेही काम केले. वेदपठणाचा अधिकार नसलेल्या समाजातील एका माणसाने छापलेले पंचांग ब्राह्मणांच्या घरात गेले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ छापून निघाली, आणि १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यातून ‘दीनबंधु’ सुरू केले. ज्यांना पोथीला शिवण्याची मुभा नव्हती, त्यांनी छापखान्याला आपलेसे केले. तंत्राला वळण देणारा समाज एकसंध नव्हता. त्यात ओढाताण होती आणि त्या ओढाताणीतूनच तंत्राचे रूप ठरत गेले.

सरकारी नियंत्रणाचा प्रकार मात्र याहून निराळा. १८६७चा मुद्रणालये व पुस्तक नोंदणीचा कायदा किंवा १८७८चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा यांना छपाईच्या तंत्राशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना छापलेल्या मजकुराची भीती होती. नियंत्रण हा शब्द उच्चारताच आपल्याकडे याच कायद्यांची आठवण होते, आणि म्हणून समाजाने तंत्राचे नियंत्रण करावे या कल्पनेविषयी एक स्वाभाविक संशय असतो. मजकुरावर पहारा ठेवणे आणि साधनाची घडण ठरवण्यात भाग घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे येथे स्पष्ट केले पाहिजे.

केसरीचा हिशेब

४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’ सुरू झाला. वृत्तपत्राला वेळेचे बंधन असते, आणि मराठी मजकूर जुळवणे हे वेळखाऊ काम होते. इंग्रजी जुळाऱ्याच्या हाताशी जेवढी घरे असत, त्याच्या कितीतरी पट मराठी जुळाऱ्याला लागत. मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा आणि उकारांसहित अक्षरे मिळून ही संख्या कित्येक शेंच्या घरात जाई. लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नात लक्ष घातले. अक्षरांचे घटक पाडून, समान भाग ओळखून, खिळ्यांची संख्या कमी करण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून सुमारे १९० खिळ्यांचा जो संच पुढे सिद्ध झाला, तो केसरीच्या नावाने ओळखला जातो.

डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेपुढे बोलताना टिळकांनी सर्व भारतासाठी नागरी ही समान लिपी असावी, असे प्रतिपादन केले. लॉर्ड कर्झनने देशाला समान वेळ देण्याऐवजी समान लिपी दिली असती तर त्याचा अधिक आदर वाटला असता, असा टोला त्यांनी त्या भाषणात लगावला होता. गणिताचा विद्यार्थी, वृत्तपत्राचा चालक आणि राजकीय पुढारी या तिन्ही भूमिका येथे एकत्र आल्या आहेत. टिळकांचा मार्ग आमच्या मते विशेष लक्षणीय आहे, तो अशासाठी, की वाचकाच्या डोळ्यांना दिसणारे अक्षर शक्यतो बदलू न देता खिळ्यांचा पडद्याआडचा हिशेब बदलण्याचा तो प्रयत्न होता. लिपी आणि यंत्र दोघांनीही थोडे थोडे सरकावे, अशी ती तडजोड होती.

वेलांटीवर खल

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात ही तडजोड अपुरी वाटू लागली. लायनोटाइप आणि मोनोटाइप ही ओळी व अक्षरे ओतणारी यंत्रे आली होती. लायनोटाइपच्या नेहमीच्या कळफलकावर नव्वद कळा असतात. मोनोटाइपच्या साच्यांच्या चौकटीत पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ घरे असत. टंकलेखन यंत्रावर तर त्याहूनही कमी जागा. एवढ्या जागेत देवनागरी बसवायची कशी? हरी गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये १९३०च्या दशकात लायनोटाइपसाठी देवनागरीचा संच तयार केला, पण त्यासाठी अक्षरांच्या रूपांत बरीच काटछाट करावी लागली.

याच सुमारास लिपिसुधारणेचे वारे सर्वत्र वाहू लागले होते. वि. दा. सावरकर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र स्वरचिन्हे टाकून ‘अ’लाच वेलांट्या व उकार लावावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनानंतर काका कालेलकरांच्या नेतृत्वाखालील समितीनेही अशाच सूचना पुढे आणल्या. राजकारणात ज्यांचे जमणे शक्य नव्हते, ते सावरकर आणि गांधीजींचे सहकारी ‘अ’च्या बाराखडीवर मात्र एकत्र आले. यंत्रयुगाच्या दडपणाची यापेक्षा मोठी साक्ष कोणती असणार! काही मासिके आणि पुस्तके काही काळ या बाराखडीत निघालीही. पण सामान्य वाचकाने ती स्वीकारली नाही.

या चळवळीचे टोक म्हणजे नोव्हेंबर १९५३ मधील लखनौची परिषद. उत्तर प्रदेश सरकारने बोलावलेल्या आणि डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या या परिषदेत अनेक राज्यांचे मुख्यमंत्री उपस्थित होते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, पण उच्चार होतो अक्षरानंतर. यंत्राला ही उलटापालट गैरसोयीची. म्हणून परिषदेने ठरवले, की ऱ्हस्व वेलांटीही उजवीकडेच द्यावी, फक्त तिचा दांडा आखूड ठेवावा. ‘कि’ आणि ‘की’ यांतील फरक दांड्याच्या लांबीवर येऊन ठेपला. निर्णय झाला खरा, पण वाचणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना तो पचला नाही. १९५७ साली तो मागे घ्यावा लागला.

या घटनेकडे आज पाहताना जो धडा मिळतो, तो आमच्या या लेखाचा मध्यबिंदू आहे. १९५३ साली यंत्राची मर्यादा ही निसर्गनियमासारखी मानली गेली होती. लिपी हजार वर्षांची, पण बदलायचे तिने. पुढे तीन-चार दशकांतच ती ओतणारी यंत्रे छापखान्यांतून भंगारात गेली. वेलांटी वाचकांनी टिकवून धरली नसती, तर ज्या यंत्रासाठी ती हलवली ते नाहीसे झाल्यानंतरही आपण ती उजवीकडेच देत राहिलो असतो, आणि आधीच्या सर्व पुस्तकांपासून एक पिढी तुटली असती.

पुण्यात यंत्र वाकले

वेलांटीचा प्रश्न शेवटी सुटला तो लिपी न बदलता. १९७० आणि ८०च्या दशकांत कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये भारतीय लिपींसाठी संगणकीय पद्धती विकसित होत होत्या. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर त्याचे पहिले संचालक. ‘परम’ महासंगणकामुळे ही संस्था सर्वश्रुत झाली, पण साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे दुसरे काम कदाचित अधिक मोलाचे आहे. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने कानपूरला सुरू झालेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिपींचे तंत्र सी-डॅकमध्ये पुढे वाढले. ‘इस्की’ या संकेतप्रणालीला १९९१ साली भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

या प्रणालीची मूळ कल्पना अतिशय साधी आणि तितकीच क्रांतिकारक होती. संगणकाने अक्षराचे चित्र साठवू नये, वर्ण साठवावा. ‘कि’ लिहायचे तर आधी ‘क’ आणि मग ‘इ’कार, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे दाखवायची की उजवीकडे, जोडाक्षर एकाखाली एक करायचे की शेजारी, हे काम पडद्यावर अक्षर रेखाटताना यंत्राने करावे. शिक्षाग्रंथांनी स्वर आणि व्यंजनांची स्थान-प्रयत्नांनुसार जी मांडणी केली होती, तीच इनस्क्रिप्ट कळफलकाचा पाया झाली. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने, आणि ही जागा सर्व भारतीय लिपींना समान. नव्या तंत्राला मार्ग दाखवण्याचे काम अशा रीतीने एका फार जुन्या विद्येने केले. लखनौला जे राजकीय अधिकाराने साधले नाही, ते भाषा जाणणाऱ्या अभियंत्यांनी साधले, आणि तेही उलट बाजूने.

१९९१ साली आलेल्या युनिकोड या जागतिक प्रणालीने देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधारे मांडला. मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवरील ‘मंगल’ हे अक्षर र. कृ. जोशी यांनी घडवले. सुलेखनकार आणि कवी असलेल्या माणसाचा हात या प्रणालीला लाभला, हे मराठीचे भाग्य.

आचार्य आणि आचारी

पण येथे गोष्ट संपत नाही. मानके ठरतात तेव्हा त्या टेबलाशी कोण बसले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. देवनागरी ही हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोंकणी आणि मराठी या सर्वांची लिपी. तिचे मानक ठरताना मराठीच्या खास गरजा सहज नजरेआड होऊ शकतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहावेत. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा ‘र’. पहिल्याला वंदन करायचे, दुसऱ्याला भात किती शिजवायचा ते सांगायचे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही समुद्र आणि डोंगर यांचे अंतर आहे. हिंदीला या चंद्रकोरीची गरज नाही. युनिकोडमध्ये ती मिळाली, पण दोन निरनिराळ्या मार्गांनी लिहिता येईल अशी. डोळ्यांना सारखाच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी दोन प्रकारचा झाला, आणि शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो. ‘ॲ’ हे मराठीतील रूढ अक्षर तर स्वतंत्र संकेत म्हणून २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झाले. मोडी लिपी २०१४ साली आली.

‘ल’ आणि ‘श’ यांची कथाही अशीच. केंद्रीय प्रमाणीकरणाच्या ओघात हिंदी वळणाचे ल आणि श मराठी पाठ्यपुस्तकांत आणि पुढे संगणकाच्या पडद्यावर रूढ झाले. शेवटी ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून मराठी वळणाची रूपे पुन्हा प्रमाण मानली. समाज तंत्राला वळण देऊ शकतो याचे हे अलीकडचे उदाहरण. त्याबरोबर हेही खरे, की निर्णय होऊनही अनेक पडद्यांवर जुनेच रूप दिसत राहते. कारण शासनाच्या निर्णयाने टंक बदलत नाहीत. टंक घडवणारा कारागीर आणि तो मागणारा ग्राहक लागतो.

सर्वांत मोठी किंमत आपण मोजली ती मधल्या काळात. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी छपाई निरनिराळ्या खासगी टंकांवर चालली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशी ही नावे छपाईच्या धंद्यातील सर्वांच्या तोंडी होती. या साधनांनी मराठी प्रकाशनव्यवहाराला मोठा आधार दिला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण प्रत्येकाचा संकेत वेगळा. एका टंकातील मजकूर दुसऱ्यात उघडला, की चिन्हांचा गोंधळ. इस्कीचे मानक हाताशी असूनही बाजार आपल्या वाटेने गेला, आणि ग्राहक म्हणून लेखक, प्रकाशक, विद्यापीठे यांनी एका मानकाचा आग्रह धरला नाही. त्या काळातील कितीतरी प्रबंध आणि नियतकालिकांचे अंक आज संगणकात असूनही शोधता येत नाहीत, वाचता येत नाहीत. मोडीचे कोट्यवधी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात जाणकाराची वाट पाहत पडून आहेत. त्यांना निदान दोन शतके उलटून गेली आहेत. या मजकुराला वीस-तीस वर्षेच झाली आहेत.

नियंत्रणाची साधने

या इतिहासातून समाजाच्या हाती असलेली काही साधने स्पष्ट दिसतात. पहिले साधन वाचकाचा नकार. लखनौची वेलांटी कोणत्याही आंदोलनाशिवाय, केवळ न स्वीकारल्यामुळे, मागे फिरली. दुसरे साधन भाषा जाणणारा कारागीर. राणोजी आरू यांच्यापासून र. कृ. जोशी यांच्यापर्यंत अक्षराची आणि यंत्राची दोन्ही अंगे जाणणारी माणसे नसती, तर नकार देऊनही पर्याय उभा राहिला नसता. तिसरे साधन सार्वजनिक संस्था. नफ्याची घाई नसलेल्या ठिकाणीच इस्कीसारखे सर्व लिपींना समान मानक जन्मू शकले. आणि चौथे म्हणजे खुले मानक आणि ते ठरवणाऱ्या टेबलाशी असलेली जागा. यातील एकही साधन एकटे पुरेसे नाही. नकार असून कारागीर नसेल तर साचलेपण येते, संस्था असून ग्राहकाचा आग्रह नसेल तर श्रीलिपीच्या काळासारखी फाटाफूट होते. आणि ‘कोणत्या समाजाचे नियंत्रण?’ हा गोव्याचा व तुपाच्या शाईचा प्रश्न या चारही साधनांना विचारत राहावा लागतो.

हा प्रश्न आज शिळा झालेला नाही. आता यंत्रे अक्षरे छापून थांबत नाहीत. ती शब्द सुचवतात, शुद्धलेखन बदलतात, भाषांतर करतात, वाक्येच्या वाक्ये लिहून देतात. ही यंत्रे घडतात ती संगणकाला वाचता येईल अशा उपलब्ध मजकुरावर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, हा आनंदाचाच विषय. पण अभिजात भाषेचा जो भाग यंत्राला दिसत नाही, तो त्याच्या मराठीत उतरणार नाही, आणि ते जी मराठी लिहून देईल तीच उद्याच्या विद्यार्थ्याला प्रमाण वाटू लागेल. पूर्वी ‘यंत्रात बसत नाही’ म्हणून वेलांटी हलवण्याचे ठरले होते. आता ‘यंत्र सुचवत नाही’ म्हणून एखादे क्रियापद, एखादी बोली, एखादी वाक्यरचना हळूच मागे पडेल. परिषद भरणार नाही, ठराव होणार नाही, त्यामुळे नकार देण्याची वेळ केव्हा येऊन गेली हेही कळणार नाही.

म्हणून मराठीच्या विभागांनी काही साधी कामे आपली मानावीत, असे आम्हांला वाटते. जुन्या टंकांत अडकलेले प्रबंध आणि नियतकालिके युनिकोडमध्ये आणणे. नवे लेखन खुल्या मानकात स्वीकारणे. लिपी आणि मुद्रण यांचा इतिहास हा भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेचा भाग करणे. चंद्रकोरीच्या ‘र’सारख्या प्रश्नांवर मानके ठरवणाऱ्या संस्थांकडे लेखी म्हणणे पाठवणे. बोलीभाषांचे संकलन करताना ते यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवणे. यातील कोणत्याही कामाला महासंगणक लागत नाही. भाषा जाणणारा माणूस, थोडा वेळ आणि हे आपले काम आहे ही जाणीव, एवढेच लागते. अभियंत्याला वेलांटी कुठे द्यायची हे ठाऊक नसते. ते त्याला कोणीतरी सांगावे लागते.